लोकानुनयी पक्ष आणि स्थानिक निवडणुका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या जनमत चाचणीत नवा, आक्रमक पक्ष पुढे गेला की लगेच विचारणा सुरू होते: आता पालिका आणि काउन्सिलंही (इंग्लंडमधल्या स्थानिक परिषदा) यांच्याच का? युरोपात गेली दहा-बारा वर्षं हा प्रश्न दर वसंतात नव्याने उभा राहतो. माझ्या मते त्याचं उत्तर लाट किती मोठी आहे यावर फारसं ठरत नाही. मतं मोजायची पद्धत कोणती, विरोधातली मतं एका जागी येतात की फुटतात, आणि पक्षाकडे प्रभागात उभं राहायला माणूस आहे की नाही, यावर जास्त ठरतं. खालच्या उत्तरांत इंग्लंडचं उदाहरण मध्यभागी ठेवलं आहे, कारण एकाच देशात, एकाच पद्धतीत, दोन अगदी उलटे निकाल तिथे पाहायला मिळाले. फ्रान्स, इटली, जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम तुलनेसाठी आहेत.

‘लोकानुनयी पक्ष’ म्हणजे नेमका कोणता? मोफत योजना वाटणारा?

नाही, आणि हा गोंधळ आधी दूर करायला हवा. मराठीत ‘लोकानुनय’ म्हटलं की सवलती आणि खैरात डोळ्यांसमोर येते. राज्यशास्त्रात ‘पॉप्युलिस्ट’ हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. समाजात दोनच गट आहेत, एकीकडे साधी, प्रामाणिक जनता आणि दुसरीकडे तिला फसवणारे प्रस्थापित, आणि आम्हीच त्या जनतेचा खरा आवाज, अशी मांडणी करणारा तो लोकानुनयी पक्ष. मग तो उजवा असेल, डावा असेल किंवा इटलीच्या फाइव्ह स्टार मूव्हमेंटसारखा ‘आम्ही ना डावे ना उजवे’ म्हणणारा असेल. सवलती त्याच्या जाहीरनाम्यात असतील किंवा नसतीलही.

पुढे कळेल की उजवा, डावा की मधला हा फरक स्थानिक निवडणुकीत फार महत्त्वाचा ठरतो. दुसऱ्या फेरीत तर निकालच त्यावर फिरतो.

मतं भरपूर पडतात, मग जागा का मिळत नाहीत?

हे समजून घ्यायला इंग्लंडच्या दोन निवडणुका शेजारी ठेवा.

मे २०१३ मध्ये नायजेल फराज यांच्या यूकिपने (ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं म्हणणारा पक्ष) स्थानिक निवडणुकीत सगळ्यांना चकित केलं. सगळ्या देशात मतदान झालं असतं तर कोणाला किती टक्के मिळाले असते, असा एक अंदाज बीबीसी दर वर्षी निकालानंतर देते. त्यात यूकिपला २३ टक्के होते. जागा मिळाल्या १४७. निवडणूक होती २,३०० हून अधिक जागांची. म्हणजे पाव भागाच्या आसपास मतं आणि जागा सहा टक्क्यांच्या घरात.

मे २०२५ मध्ये फराज यांचाच नवा पक्ष, रिफॉर्म यूके, उतरला. तोच अंदाज या वेळी ३० टक्के होता. जागा आल्या ६७७, सुमारे १,६४० पैकी. म्हणजे ४१ टक्के. दहा काउन्सिलांत स्पष्ट बहुमत मिळालं. एकट्या केंटमध्ये ८१ पैकी ५७ जागा.

मतांत वाढ झाली सात टक्क्यांची आणि जागा कुठल्या कुठे गेल्या. हे कसं? इंग्लंडमध्ये प्रभागात ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, ५० टक्क्यांची अट नाही, दुसरी फेरी नाही. अशा पद्धतीत ज्याची मतं सगळीकडे सारखी पसरलेली असतात तो पक्ष एका ठरावीक टक्क्याच्या खाली असेपर्यंत मार खातो. प्रत्येक प्रभागात २३ टक्के मिळवणारा पक्ष बहुतेक ठिकाणी दुसरा किंवा तिसरा येतो आणि हातात काहीच पडत नाही. तोच पक्ष प्रत्येक प्रभागात ३० वर गेला आणि बाकीचे चार जण उरलेले ७० टक्के आपसात वाटून घेत असले, की तो बहुतेक ठिकाणी पहिला येतो. पसरलेली मतं आधी शाप असतात, नंतर तेच वरदान ठरतं.

एक काळजी मात्र घ्यायची. तो टक्क्यांचा अंदाज सगळ्या देशाचा असतो आणि जागा मात्र फक्त जिथे मतदान झालं तिथल्या. २०२५ मध्ये मतदान मुख्यतः ग्रामीण आणि निमशहरी काउंट्यांत झालं. लंडनमध्ये झालंच नाही. त्यामुळे ३० आणि ४१ ची तुलना काटेकोर नाही. पण दिशा त्यातून अगदी स्पष्ट दिसते.

मग तो उंबरठा किती टक्क्यांचा?

ठाम आकडा कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. समोर किती पक्ष तुल्यबळ आहेत यावर तो खालीवर होतो. दोनच मोठे पक्ष असतात तेव्हा जिंकायला चाळिशी ओलांडावी लागते. पाच पक्ष असले की पाव मतंही पुरतात. २०२५ मध्येच वेस्ट ऑफ इंग्लंडच्या महापौरपदी मजूर पक्षाच्या हेलन गॉडविन जेमतेम २५ टक्क्यांवर निवडून आल्या आणि रिफॉर्मचा उमेदवार २२ टक्क्यांवर दुसरा राहिला. चार मतदारांपैकी तिघांनी ज्यांना मत दिलं नाही, त्या महापौर झाल्या. २०२२ च्या कायद्याने महापौरपदाच्या निवडणुकीतली दुसऱ्या पसंतीची सोय काढून टाकली, त्याचा हा थेट परिणाम. मला हा बदल चुकीचा वाटतो. ज्या पदावर एकच माणूस बसणार, तिथे निम्म्याहून अधिक लोकांची किमान दुसरी पसंती तरी त्याला असायला हवी.

दोन फेऱ्या असतील तर लोकानुनयी पक्षाचं काय होतं?

दोन फेऱ्या म्हणजे पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मतं नसली की पुढे राहिलेल्यांत पुन्हा मतदान. इथेच खरी गंमत आहे, कारण उत्तर दोन्ही बाजूंनी आहे.

आधी फ्रान्स. डिसेंबर २०१५ च्या प्रादेशिक निवडणुकीत मारीन ल पेन यांचा अतिउजवा नॅशनल फ्रंट (आताचा नॅशनल रॅली) पहिल्या फेरीत १३ पैकी ६ प्रदेशांत पहिला आला. आठवड्याभराने दुसरी फेरी झाली आणि एकही प्रदेश हाती लागला नाही. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या दोन मोठ्या प्रदेशांत समाजवाद्यांनी आपली उमेदवारांची यादीच मागे घेतली आणि आपल्या मतदारांना मवाळ उजव्या प्रतिस्पर्ध्याला मत द्यायला सांगितलं. त्याच वर्षी मार्चमध्ये जिल्हा परिषदांच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत सुमारे २५ टक्के मतं पडूनही एकाही जिल्ह्याची सत्ता मिळाली नव्हती.

जर्मनीतही हेच चित्र. सप्टेंबर २०२५ मध्ये नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या सर्वाधिक लोकसंख्येच्या राज्याच्या स्थानिक निवडणुकीत एएफडी या अतिउजव्या पक्षाची मतं २०२० च्या ५.१ टक्क्यांवरून १४.५ वर गेली, जवळजवळ तिप्पट. गेल्सेनकिर्शेन, ड्यूसबुर्ग आणि हागेन या तीन शहरांत त्यांचे उमेदवार महापौरपदाच्या दुसऱ्या फेरीत पोचले. तिन्ही हरले.

आता इटलीतलं पार्मा बघा. मे २०१२ मध्ये फाइव्ह स्टारचे फेदेरिको पिझारोत्ती पहिल्या फेरीत २० टक्क्यांच्याही किंचित खाली होते. समोरचा डाव्या आघाडीचा उमेदवार त्यांच्या दुप्पट, ३९ च्या आसपास. दुसऱ्या फेरीत पिझारोत्ती ६० टक्के घेऊन महापौर झाले. चार वर्षांनी रोममध्ये व्हर्जिनिया राज्जी ६७ टक्क्यांनी जिंकल्या, तुरीनमध्ये किआरा आप्पेंदिनो यांनी विद्यमान महापौरांना पाडलं.

म्हणजे दुसरी फेरी लोकानुनयी पक्षांना मारते हे सरसकट विधान चुकीचं आहे. ज्याची भीती वाटते अशा टोकाच्या पक्षाला ती मारते. जो अनेकांची दुसरी पसंती असतो त्याला ती उचलून धरते. पार्मात डाव्यांवर राग असलेला उजवा मतदार दुसऱ्या फेरीत पिझारोत्तींकडे गेला, कारण त्याला ते परके वाटत नव्हते. ल पेन यांच्या पक्षाकडे तसं कोणी बाहेरून येत नव्हतं.

म्हणून चाचणी वाचताना ‘तुम्ही कोणाला मत द्याल?’ याच्या खालचा ‘कोणाला कधीच देणार नाही?’ हा प्रश्न शोधा. दोन फेऱ्यांच्या देशात तोच आकडा खरा असतो.

मग दुसऱ्या फेरीत टोकाचा पक्ष जिंकतच नाही का?

जिंकतो, पण बहुधा तीनपैकी एक गोष्ट घडलेली असते. पहिल्या फेरीतच तो निम्म्याच्या जवळ असतो: जून २०२३ मध्ये थुरिंगियातल्या झोनेबर्ग जिल्ह्यात एएफडीचे रोबर्ट झेसेलमान पहिल्या फेरीत ४६ टक्क्यांच्या पुढे होते, बाकी सगळे पक्ष एक झाले तरी ५२.८ वर जिल्हाप्रमुख म्हणून निवडून आले. किंवा विरोधी मतं शेवटपर्यंत फुटलेली राहतात: फ्रान्समध्ये दहा टक्क्यांच्या वर असलेली यादी दुसऱ्या फेरीत टिकून राहू शकते, आणि २०१४ मध्ये फ्रेझ्युस शहरात उजव्यांच्या दोन याद्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा नॅशनल फ्रंटचे दाव्हिद राशलीन ४५ टक्क्यांवर महापौर झाले. किंवा त्या गावात प्रस्थापितांनी स्वतःच सगळं घालवलेलं असतं. त्याचं उदाहरण पुढे येतं, तिथे तर दुसऱ्या फेरीची गरजच पडली नाही.

राष्ट्रीय लाट गल्लीपर्यंत पोचते का? लोक रस्ते-गटारं बघून मत देत नाहीत का?

दोन्ही होतं, पण मतदान कमी असतं तेव्हा राष्ट्रीय राग जास्त बोलतो. इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकीत साधारण तीनातला एक मतदार बाहेर पडतो. घरी बसतो तो बहुतेक समाधानी, कंटाळलेला किंवा सरकारवर नाराज असलेला सत्ताधारी पक्षाचा मतदार. चिडलेला माणूस मात्र पावसातही जातो. काही बदलणार नाही असं वाटणाऱ्या निवडणुकीत निषेधाचं मत देणं सोपं असतं, कारण त्याने पंतप्रधान बदलत नाही.

याचा पुरावा लंडनच्या बार्किंग अँड डॅगनहॅममध्ये आहे. २००६ मध्ये तिथे बीएनपी या अतिउजव्या पक्षाने १२ जागा जिंकल्या आणि काउन्सिलमध्ये मुख्य विरोधी पक्ष झाला. २०१० ची निवडणूक संसदेच्या निवडणुकीच्याच दिवशी आली. मतदान वाढलं, दारोदार फिरून लोकांना बाहेर काढलं गेलं, आणि बाराच्या बारा जागा गेल्या. सगळ्या ५१ जागा मजूर पक्षाकडे. निवडणूक कोणत्या दिवशी आहे, हा कंटाळवाणा वाटणारा तपशील अनेकदा उमेदवारापेक्षा मोठा ठरतो.

मागच्या खेपेला काय घडलं होतं, हेही पाहायला हवं. २०२५ मध्ये ज्या जागा लढवल्या गेल्या त्यांतल्या बहुतेक २०२१ च्या होत्या, आणि २०२१ मध्ये लसीकरणाच्या यशावर स्वार झालेल्या हुजूर पक्षाने भरघोस कमाई केली होती. उंच चढलेला पडतोही तितकाच. त्यांनी ६७४ जागा गमावल्या, त्यांतल्या मोठ्या संख्येने रिफॉर्मकडे गेल्या. शिवाय एसेक्स, नॉरफोक, सरी यांच्यासह नऊ ठिकाणच्या निवडणुका काउन्सिलांच्या पुनर्रचनेसाठी पुढे ढकलल्या होत्या. त्या झाल्या असत्या तर चित्र आणखी मोठं दिसलं असतं.

उमेदवार कुठून आणतात?

माझ्या दृष्टीने सगळ्यांत दुर्लक्षित प्रश्न. पक्षाला टीव्हीवर एक चेहरा पुरतो, स्थानिक निवडणुकीला शेकडो लागतात. इंग्लंडमध्ये काउन्सिलचा अर्ज भरणं तसं सोपं आहे: अनामत रक्कम नाही, आणि पूर्वी दहा सूचक लागत, आता दोन पुरतात. तरीही माणूस हवा. २०१३ मध्ये यूकिपला सुमारे पाऊण जागांवरच उमेदवार देता आले. २०२५ मध्ये रिफॉर्मने जवळजवळ प्रत्येक जागा लढवली. जिथे मतपत्रिकेवर नावच नाही तिथे लाट कितीही असली तरी मत कुठे देणार?

आणखी एक बारीक गोष्ट. अनेक प्रभागांत दोन किंवा तीन जागा असतात आणि मतदाराला तितकीच मतं असतात. पक्षाने तिथे एकच उमेदवार दिला तर त्याचा मतदार उरलेली मतं दुसऱ्यांना देऊन येतो, म्हणजे स्वतःच्याच उमेदवाराच्या स्पर्धकाला.

नेदरलँड्समध्ये खेर्ट विल्डर्स यांनी याचं टोक गाठलं. त्यांच्या पीव्हीव्ही या स्थलांतरविरोधी पक्षाचे ते स्वतः एकमेव सदस्य आहेत. शाखा नाहीत, कार्यकर्त्यांची उतरंड नाही. नको ती माणसं घुसू नयेत म्हणून त्यांनी २०१० मध्ये अल्मेरे आणि हेग या दोनच शहरांत निवडणूक लढवली. अल्मेरेत पहिले आले, हेगमध्ये दुसरे. बाकी देशभर त्यांचा मतदार होता, पण मतपत्रिकेवर पक्ष नव्हता. त्यांनी शिस्त राखली, पण देशभर मुळं धरली नाहीत.

घाईने गोळा केलेल्या उमेदवारांचं दुसरं दुखणं निकालानंतर कळतं. निवडून येऊ असं वाटलंच नव्हतं अशी माणसं अचानक चार वर्षं समित्यांच्या बैठकांत अडकतात. काही महिन्यांत राजीनामे, निलंबनं, पोटनिवडणुका सुरू होतात. त्यात प्रभागातल्या लोकांचं नुकसान होतं, आणि ते मला खरोखर सलतं. ज्यांनी रागाने का होईना विश्वास टाकला, त्यांच्या तक्रारीच्या फोनला उत्तर द्यायला कोणी नसतं.

स्थलांतर हा त्यांचा मुख्य मुद्दा. तो काउन्सिलच्या हातात असतो का?

जवळजवळ नाही. सीमा, व्हिसा, आश्रय हे सगळं केंद्र सरकारचं काम. काउन्सिलकडे फार तर बांधकाम-नियोजनाचे अधिकार असतात. २०२५ च्या उन्हाळ्यात एपिंग फॉरेस्टच्या काउन्सिलने, जी हुजूर पक्षाच्या ताब्यात होती, आश्रय मागणाऱ्यांना ठेवलेल्या हॉटेलविरुद्ध नियोजनाच्या कायद्याखाली तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. अपील न्यायालयाने तो त्याच महिन्यात रद्द केला.

निवडून आल्यावर ते करू काय शकतात?

जाहीर सभेत बोललेल्यापेक्षा बरंच कमी. इंग्लंडच्या काउंटी काउन्सिलच्या खर्चाकडे बघा. शाळांचा निधी बाजूला ठेवला तर दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त पैसा वृद्धांच्या, अपंगांच्या आणि निराधार मुलांच्या देखभालीवर जातो. तो कायद्याने बंधनकारक आहे. नव्वदीच्या एकट्या आजींना सकाळी अंथरुणातून उठवायला येणाऱ्या मदतनिसाचा पगार त्यातून होतो. विशेष गरजा असलेल्या मुलाला शाळेत नेणारी गाडी त्यातूनच चालते. उधळपट्टी शोधायला पथकं पाठवली तरी ती या आकड्यांसमोर येऊन थांबतात. काउन्सिल कर सार्वमत न घेता वर्षाला पाच टक्क्यांच्या आतच वाढवता येतो, आणि बहुतेक काउन्सिलं, मग ती कोणत्याही पक्षाची असोत, त्या मर्यादेला जाऊन भिडतात.

स्थानिक वचन तर आणखी अवघड. यूकिपला आजवर एकाच काउन्सिलमध्ये बहुमत मिळालं, २०१५ मध्ये केंटच्या किनाऱ्यावरच्या थॅनेटमध्ये, ५६ पैकी ३३ जागा. बंद पडलेला मॅन्स्टन विमानतळ पुन्हा सुरू करू, हे मोठं आश्वासन. सत्तेवर आल्यावर जमिनीच्या सक्तीच्या संपादनाची जोखीम काउन्सिलला परवडणारी नाही असं दिसलं, प्रस्ताव बाजूला ठेवला गेला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत नगरसेवक पक्ष सोडून गेल्याने बहुमत संपलं. २०१८ च्या सुरुवातीला त्याच विमानतळाच्या जागेवर घरं बांधू देणाऱ्या विकास आराखड्यावरच्या मतदानात यूकिपच्या काउन्सिल-नेत्याचा पराभव झाला आणि सत्ता हुजूर पक्षाकडे गेली. एका धावपट्टीने पक्ष घडवला आणि मोडलाही.

पार्मातही असंच. पिझारोत्ती कचरा जाळण्याचा प्रकल्प थांबवण्याच्या मुद्द्यावर निवडून आले. करार आधीच झालेले, बांधकाम पुढे गेलेलं. २०१३ मध्ये प्रकल्प सुरू झाला. पण पुढचा भाग वेगळा आहे. त्यांनी लोकांना अडचण समजावून सांगितली, कर्जाच्या ओझ्याखालच्या शहराचे हिशेब सुधारले, पक्षाशी खटके उडाले, २०१६ मध्ये पक्ष सोडला आणि २०१७ मध्ये स्वतःच्या यादीवर पुन्हा महापौर झाले.

बाकी सगळ्यांनी मिळून त्यांना सत्तेबाहेर ठेवलं तर?

काही काळ चालतं. बेल्जियममध्ये व्लाम्स बेलांग या अतिउजव्या पक्षाला सत्तेत घ्यायचं नाही असा बाकी पक्षांचा जुना करार आहे. फ्लँडर्समधल्या नीनोवे या गावात त्या पक्षाशी जोडलेल्या फोर्झा नीनोवे यादीला २०१८ मध्ये ४० टक्के मतं मिळाली, तरी इतरांनी एकत्र येऊन तिला बाहेर ठेवलं. सहा वर्षं ती यादी ‘आम्हाला डावललं’ हेच सांगत राहिली. २०२४ मध्ये तिला स्पष्ट बहुमत मिळालं आणि व्लाम्स बेलांगला पहिला महापौर.

मी बाहेर ठेवण्याच्या विरोधात नाही. एखाद्या पक्षाशी हातमिळवणी न करणं हा प्रत्येक पक्षाचा हक्क आहे. पण बाहेर ठेवून मिळालेल्या सहा वर्षांत रस्ते, घरं, दवाखाने यांचं काम दिसलं नाही, तर डावललेल्याचीच बाजू भक्कम होते.

पहिला विजय मिळाला. दुसऱ्यांदा येतात का?

इथे पक्षापेक्षा माणूस मोठा ठरतो. फ्रान्समधल्या एनँ-बोमाँ या जुन्या खाणकामगारांच्या गावात समाजवादी महापौर भ्रष्टाचारात तुरुंगात गेले, गावाचा खजिना रिकामा. तिथे नॅशनल फ्रंटचे स्तीव ब्रिवा अनेक वर्षं बाजारात, समारंभांत, अंत्यविधींत हजर राहत होते. २०१४ मध्ये ते पहिल्याच फेरीत जिंकले, २०२० मध्ये पुन्हा पहिल्याच फेरीत, याहून कितीतरी मोठ्या फरकाने. बेझिएमध्ये त्याच पक्षाच्या पाठिंब्यावर आलेले रोबेर मेनार यांचंही तसंच. ओराँझचे झाक बोंपार १९९५ मध्ये नॅशनल फ्रंटकडून आले, नंतर पक्ष सोडला, तरी २०२१ पर्यंत महापौर राहिले.

याच्या उलट तूलाँ. १९९५ मध्ये जिंकलेलं हे मोठं बंदराचं शहर २००१ मध्ये हातातून गेलं. रोममध्ये कचऱ्याचे ढीग आणि बसगाड्यांच्या तक्रारींनी राज्जींची कारकीर्द गाजली, आणि २०२१ मध्ये त्या दुसऱ्या फेरीतही पोचल्या नाहीत. यूकिपची गोष्ट तर सगळ्यात कडवट: २०१३ मध्ये जिंकलेल्या जागा २०१७ मध्ये पुन्हा लढवायची वेळ आली तेव्हा देशभरात एकच जागा निवडून आली, लँकेशायरमध्ये. ब्रेक्झिटचा मुद्दा संपला असं मतदाराला वाटलं आणि स्थानिक कामाचा आधार नव्हता.

स्थानिक निवडणूक जिंकली म्हणजे पुढची संसद त्यांचीच?

इटलीत २०१६ च्या रोम-तुरीननंतर २०१८ मध्ये फाइव्ह स्टार ३२ टक्के घेऊन देशातला सर्वांत मोठा पक्ष झाला. पण यूकिपला २०१५ च्या संसदीय निवडणुकीत जवळजवळ ३९ लाख मतं आणि एक जागा मिळाली. नेदरलँड्समध्ये शेतकऱ्यांच्या आंदोलनातून आलेला बीबीबी मार्च २०२३ मध्ये सगळ्या १२ प्रांतांत पहिला आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय निवडणुकीत १५० पैकी ७ जागा. आठ महिन्यांत तोच नाराज मतदार विल्डर्स यांच्याकडे सरकला होता. चिडलेलं मत एका पक्षाच्या मालकीचं नसतं.

निकालाच्या रात्री काय बघायचं?

एकूण जागांच्या फलकाकडे नंतर बघा. आधी कोणत्या भागात मतदान होतं आणि त्या जागा मागे कोणाकडे होत्या ते तपासा. मग दुसऱ्या क्रमांकांची यादी काढा. २०१३ मध्ये यूकिप असंख्य प्रभागांत दुसरा होता, आणि ज्यांनी त्या यादीकडे लक्ष दिलं त्यांना २०२५ मुळे आश्चर्य वाटलं नसेल.

आणि फरक बघा. २०२५ च्या त्याच रात्री रनकॉर्न अँड हेल्सबी या संसदीय जागेची पोटनिवडणूकही मोजली जात होती. पहिल्या मोजणीत फरक एक आकडी निघाला, म्हणून सगळे गठ्ठे पुन्हा सोडून मोजले. पहाटे निकाल लागला: रिफॉर्मच्या सारा पोचिन १२,६४५, मजूर पक्षाच्या केरन शोर १२,६३९. त्याच दिवशी डॉनकास्टरमध्ये काउन्सिल रिफॉर्मकडे गेली आणि महापौरपद ६९८ मतांनी मजूर पक्षाकडे राहिलं. सकाळच्या बातम्यांत रनकॉर्नच्या निकालाला ‘भूकंप’ म्हटलं गेलं. त्या मतदारसंघात रिफॉर्मच्या चार मतदारांनी पेन्सिलीची फुली मजूर पक्षाच्या नावासमोर मारली असती, तर हा मथळा छापलाच गेला नसता.